अडलेल्याचे घर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला विक्रेता मोठा स्वस्थचित्त असतो. त्याला भाव ठाऊक असतो, चार गिऱ्हाइके पारखण्याची सवड असते आणि सौदा न पटल्यास माल घरी परत नेण्याची मुभा असते. उभी हयात मी हाच गृहस्थ वर्गात शिकवला. पुढे मुलीकडे फिलाडेल्फियास काही महिने राहिलो, तेव्हा याच्या नेमक्या उलट माणसाच्या शोधावर उभा असलेला धंदा पाहावयास मिळाला.

रस्त्यावरील खांबांवर पाट्या असत : ‘आम्ही घरे घेतो. रोख पैसे.’ खाली केवळ फोन नंबर. टपालात पिवळ्या रेघी कागदावरची पत्रे येत. शेजारच्या कुणा भल्या माणसाने हाताने लिहिले असावे असे वाटे. वस्तुतः ती घाऊक छापलेली असतात. या धंद्याच्या परिभाषेत ज्याला गाठायचे तो ‘मोटिव्हेटेड सेलर’. आपल्या भाषेत त्याला साधा शब्द आहे : अडलेला.

तो सापडतो कसा? मृत्यू, घटस्फोट आणि कर्ज या तीन वाटांनी. वारसाहक्काचे प्रकरण न्यायालयात नोंदले जाते, हप्ते थकल्याची नोटीस सरकारी दप्तरी लागते, घरपट्टी थकविणाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध होतात. ही दप्तरे लोकहितासाठी खुली ठेवलेली. पण त्यांतून दुःखाची यादी तयार करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. शिवाय मोटारीने गल्ल्या पालथ्या घालून वाढलेले गवत, साचलेले टपाल आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या टिपून घेणारे वेगळेच. (आपल्याकडच्या दलालाला एवढे कष्ट नाहीत. कुणाची विहीर आटली आणि कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे त्याला चहाच्या टपरीवरच कळते.)

आता हिशेब पाहा. दुरुस्तीनंतर घराला जी किंमत येईल तिच्या ७० टक्के, वजा दुरुस्तीचा खर्च, याहून अधिक द्यायचे नाही, असा तेथील प्रचलित ठोकताळा आहे. समजा, दुरुस्त घराची किंमत ३ लाख डॉलर आणि दुरुस्ती ४० हजारांची. मालकाला जास्तीत जास्त १ लाख ७० हजार मिळणार. अनेकदा करार करणारा स्वतः घर घेतच नाही. तो करारच दुसऱ्याला विकून मधले पैसे खिशात घालतो. घरात राहिलेल्या म्हातारीला याची वार्ताही नसते. गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. अक्कल असते हो. नसते ती उसंत.

न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की, गळक्या घरावर बँक कर्ज देत नाही, तेव्हा रोखीचा गिऱ्हाईक हाच काहींना आधार असतो. आक्षेप खरेदीला नाही. मालकाचे अज्ञान हेच जेथे नफ्याचे भांडवल होते, तेथे आहे.

ही रीत जुनीच. १९५० आणि ६०च्या दशकांत शिकागोत दलाल गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय येत असल्याची भीती घालीत, घरे मातीमोल घेत आणि तीच कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने हप्त्यांवर देत. एक हप्ता चुकला तरी घर जाण्याची धास्ती. १९६८ साली लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी संघ स्थापन करून हप्ते रोखून धरले. भीती घालून घरे विकावयास लावणे त्याच वर्षीच्या गृहनिर्माण कायद्याने बेकायदा ठरले.

अलीकडे इलिनॉयने २०१९ मध्ये, फिलाडेल्फियाने २०२० मध्ये करार विकणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घातले. पण मला महत्त्वाचे वाटले ते निराळेच. त्या शहरात सुमारे १० हजार घरे अशी आहेत की आजी वारली, नातवंडे राहतात, मात्र कागदावर अजून आजीच. असे, २०२१च्या एका पाहणीत दिसले. नाव नाही म्हणून दुरुस्तीचे साहाय्य नाही, कर्ज नाही. म्हणून घर पडके. आणि पडके म्हणून पिवळे पत्र! तेथे विनाशुल्क काम करणारे वकील अशा कुटुंबांची वारसाची कागदपत्रे पुरी करून देतात. वारसनोंदी रखडलेली घरे आपल्याही गावांत आहेत. आपल्या शाखांपैकी किती जणांनी त्यांची यादी केली आहे? दलालाकडे ती असणारच.