वर्षभराचे दान : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि रक्तदान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानावरून)



पेण आणि रोहा या परिसराला दानाचा संस्कार नवा नाही. पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९५१ साली आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली येथून त्यांनी भूदानाचा आरंभ केला आणि पुढे श्रमदान, संपत्तिदान अशा शाखा त्याला फुटल्या. रोह्याच्या भूमीत १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी भक्तिफेरीच्या रूपाने सामान्य माणसाला स्वतःचा वेळ द्यायला शिकविले. जमीन किंवा पैसा नसलेल्या माणसाजवळही देण्यासारखे काही असते, हे या दोन्ही थोर पुरुषांनी दाखवून दिले.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशीच असते. खिसा वडिलांचा, पण वेळ आणि निरोगी शरीर त्याचे स्वतःचे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा करावी आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची रचना आहे. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय काय किंवा रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख महाविद्यालय काय, खेड्यापाड्यांतून येणारी मुले-मुली तेथे शिकतात. समाजाच्या मनात मात्र सेवा म्हणजे ते सात दिवसांचे शिबिर आणि त्याचे वर्तमानपत्रातील छायाचित्र, एवढेच उरते. मूळ हिशेब १२० तासांचा आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

वर्षभर सेवा का हवी, हे रक्तदानाच्या उदाहरणावरून उत्तम समजते. कापडाचा तागा कपाटात वर्षभर राहतो. रक्ताची पिशवी राहत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्यामुळे २६ जानेवारीला एकाच शिबिरात शंभर पिशव्या जमल्या, तरी मे महिन्यातील अपघातग्रस्ताला किंवा बाळंतिणीला त्यांतील एकही उपयोगी पडत नाही. थॅलेसेमिया झालेल्या बालकाला तर साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्याच्या आजाराला राष्ट्रीय सण ठाऊक नसतो.

आपली शिबिरे कधी होतात ते पाहावे. प्रजासत्ताक दिन, महावीर जन्मकल्याणक, स्वातंत्र्यदिन, एखाद्या नेत्याचा वाढदिवस. उत्साह दांडगा असतो, सरबत-बिस्किटांची व्यवस्था चोख असते. परंतु उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालये बंद होतात आणि त्याच सुमारास रक्तपेढ्यांतील साठा आटू लागतो. पर्युषणाच्या दिवसांत आपल्याकडील अनेक तरुण तपश्चर्येत असतात. उपाशीपोटी रक्त देऊ नये हा वैद्यकीय नियम आहे. तेव्हा त्या काळात त्यांना आग्रह न करणे हेच योग्य. त्यांची पाळी पारण्यानंतर, प्रकृती पूर्ववत झाल्यावर येऊ शकते.

रक्तदात्याचे वय किमान १८ वर्षे आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते. पुरुषाला ९० दिवसांनी, स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. निरोगी मुलगा वर्षातून तीन-चार वेळा सहज देऊ शकतो. आपण मात्र त्याला एकदाच बोलावतो आणि प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरले म्हणून कितीतरी मुलींना टेबलावरूनच परत पाठविले जाते. नियम बरोबर आहे. पण त्या मुलीला त्या दिवशी स्वतःच्या पंडुरोगाचा सुगावा लागलेला असतो, आणि तिला डॉक्टरांकडे नेऊन औषध सुरू करून देणे कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेत नसते. शिबिर घेणाऱ्या संस्थेने त्या दिवशी पिशव्यांच्या आकड्याइतकेच महत्त्व या परतलेल्या मुलींच्या यादीला द्यावयास हवे.

सुट्टीत महाविद्यालय बंद असले तरी विद्यार्थी गावातच, आपल्या घरी असतो. म्हणून जे महाविद्यालयाला मे महिन्यात जमत नाही, ते ट्रस्टला जमू शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही; लागते ती एक नोंदवही. नाव, रक्तगट, मागील रक्तदानाची तारीख आणि पुढील तारीख, एवढे चार रकाने. उधारीची वही ज्या काटेकोरपणे लिहिली जाते, तितक्याच काटेकोरपणे ही लिहावी. ती सांभाळण्याचे काम पेणमध्ये दोन आणि रोह्यात दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावे. वर्षाच्या १२० तासांतील काही तास त्यात सत्कारणी लागतील. एका दिवशी शंभर दाते बोलावण्यापेक्षा दर महिन्याला दहा-बारा दाते गटागटाने पाठवावेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात रक्तपेढी आहे. तेथवर जाण्या-येण्याचा खर्च ट्रस्टने उचलावा. बारावीनंतर मुंबई-पुण्यास शिकायला गेलेल्यांची नावे वहीतून खोडू नयेत, कारण दिवाळीत आणि मे महिन्यात ती मुले घरी येतात.

पहिला गट एप्रिलअखेर, परीक्षा आटोपताच, पाठविता येईल. त्यासाठी रक्तपेढीशी महिनाभर आधी बोलून वार ठरवावा लागेल.