वहीत न मांडलेली रक्कम
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘अर्थशास्त्राची तोंडओळख’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसत आहेत. पण या शास्त्राचा पहिला धडा आपल्याला पाठच आहे. साधने थोडी, गरजा फार. म्हणून निवड करणे भाग पडते. महिनाअखेरीस डाळ आणावी की मुलाच्या वह्या, असा प्रश्न जिला पडला, ती अर्थशास्त्राच्या उंबरठ्यावर उभी राहिलीच.

दुसरा धडा संधी-खर्चाचा. एक गोष्ट मिळवताना जी दुसरी हातची सोडावी लागते, ती पहिलीची खरी किंमत. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षे घरी राहिले. त्या काळातल्या औषधांचा पै-पैचा हिशेब आमच्या वहीत आहे; माझ्या बुडालेल्या पगाराची मात्र एक ओळही नाही. सेवा केल्याचा मला खेद नाही. पण ‘घरचीच माणसे, खर्च काही आला नाही,’ असे कुणी म्हणाले की वाईट वाटे. खर्च आला होता; तो मी दिला होता.

तिसरा धडा राष्ट्रीय उत्पन्नाचा. वर्षभरात देशात निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवा यांचे ते पैशातील मोल. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या बाईने गिरणी कामगाराला पैसे घेऊन वाढलेले जेवण या उत्पन्नात बसते. त्याच चुलीवर रांधून स्वतःच्या मुलांना वाढण्याचे तिचे श्रम बसत नाहीत! पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवले होते, की एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, हात तेच. गेला तो फक्त पगार.

आपल्या सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. म्हणजे जवळजवळ पाच तास, रोजचे.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सूनबाई म्हणाली, “आई, मी नोकरी सोडते.” मी ती जुनी वही काढली, मुलालाही जवळ बसवले आणि तिघांचे तास लिहून काढले. शेवटी मुलाने सकाळची पाळी घेतली, सूनबाईने संध्याकाळची, आणि दुपारपुरती एक बाई ठेवली. नोकरी कुणाचीच गेली नाही.

भगिनींनो, मायेचे मोल करू नये हे खरेच. पण वेळेचे जरूर करावे. आज घरी गेल्यावर हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.