सावंतवाडीची चितारआळी आणि आपली पेटी
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. परंतु गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कोकणात जाणे झाले, तेव्हा सावंतवाडी पाहिली. त्याविषयी चार शब्द सांगावे, असा आपला आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

सावंतवाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील लहानसे शहर. समुद्र दाराशी नाही, पण वेंगुर्ल्याचा किनारा तासाभराच्या वाटेवर. गावाच्या मधोमध १८७४ साली बांधलेला मोती तलाव, काठावर भोसले संस्थानिकांचा राजवाडा, आणि जवळच बाजारात चितारआळी. आपल्याकडे सराफा ओळ असते, तशी तेथे चिताऱ्यांची आळी! दुकानांतून लाकडी आंबे, केळी, सीताफळे अशी मांडलेली, की हात आपोआप पुढे जावा. भातुकलीतील जाते, चूल, पोळपाट-लाटणे पाहून तर मी लहानच झाले. लाकूड चरकावर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो, आणि मग केवड्याच्या पानाने घासून त्याला चकाकी आणतात.

परंतु मला खरे सांगावयाचे आहे ते गंजिफाविषयी. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी १२० पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू; आणि प्रत्येक पान हाताने रंगविलेले! पुढे छापील स्वस्त पत्ते आले आणि या पानांना गिऱ्हाईक उरले नाही. कला जाणणारे पुंडलीक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीर तेवढे राहिले होते. शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्यापाशी बसून ही कला समजून घेतली, आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. पण दरबार हॉलमध्ये कुंचले चालूच राहिले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेथे मी एका मुलीला कासव रंगविताना पाहिले. नखाएवढे कासव, पण तिची मान काही वर होईना. पाहता पाहता माझ्या डोळ्यांत पाणी आले. कारण सांगते. आमच्या सासूबाईंच्या पेटीत त्यांनी स्वतः शिवलेला सोंगट्यांचा कापडी पट होता. घर आवरताना तो मी जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला देऊन टाकला, आणि त्याच्या बदल्यात एक पातेले घेतले. पातेले अजून आहे. तसा पट कसा शिवतात, हे मात्र मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारावयास त्या नाहीत.

भगिनींनो, आपल्या दारव्ह्याला राजवाडा नाही, पण काडीवर सरगुंडे वळणाऱ्या, गोधडीला बारीक टाका घालणाऱ्या आजी घरोघर आहेत. राणीसाहेबांनी प्रथम काय केले? एका जाणत्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसल्या. एवढे तर आपल्यालाही जमेल! त्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. म्हणून माझी विनंती, की पुढल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी प्रत्येकीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून एक हातकाम शिकून यावे व दुसरीला शिकवावे. ते वाण फुटणार नाही की हरवणार नाही.