दीड तासाचं अंतर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘परदेशातील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. उंट आणि वाळवंट ऐकायला कोणी बसलं असेल तर त्याची निराशा होईल. 2002 ते 2018 मी मस्कतला एसी मेंटेनन्समध्ये होतो. एसीची युनिटं गच्चीवर असतात, त्यामुळे सोळा वर्षांत मी मुख्यतः लोकांच्या गच्च्या पाहिल्या. एका खोलीत सहा जण, स्वयंपाकाला पाळ्या, एवढंच. म्हणून मी तिथलं कमी आणि इथलंच जास्त सांगणार आहे. म्हणजे मी नसताना इथे जे झालं ते.

गेलो तो याच फ्लॅटच्या हप्त्यांसाठी. 1999 मध्ये ताबा घेतला आणि दोन वर्षांत माझी अंबरनाथची नोकरी गेली. तेव्हा एका ओमानी रियालचे साधारण सव्वाशे रुपये मिळत. हिशेब सोपा होता.

मुंबईहून मस्कत विमानाने अडीच-पावणेतीन तास. कल्याणहून पुण्याला जायलासुद्धा कधी कधी तेवढा वेळ लागतो! घड्याळातला फरक फक्त दीड तासाचा, पण तो फार नडायचा. कामावरून येऊन, आंघोळ करून रात्री आठ-साडेआठला कार्ड खरवडून फोन लावायचो, तर इथे दहा वाजायला आलेले. मुलगी झोपलेली. माझी सुट्टी शुक्रवारी, तिची रविवारी. पहिल्यांदा दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. आजोबांना ‘तू’, वॉचमनकाकांना ‘तू’, समोरच्या काकूंना ‘तू’ आणि मला ‘तुम्ही’. “बाबा, तुम्ही चहा घेणार का?” सगळे हसले, मीही हसलो.

26 जुलै 2005 ज्यांनी इथे काढली त्यांना मी काय सांगणार? सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हे मला टीव्हीवर कळलं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे हे मला माहीत होतं. बाकी काही कळायला मार्ग नव्हता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवस फोन लागला नाही. गुरुवारी रात्री उशिरा लागला. सौ. म्हणाली, “थोडं पाणी आलं होतं, आता सगळं ठीक आहे.” मी विश्वास ठेवला. पुढच्या रजेत कपाट सरकवलं तर भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या कमरेच्या वर! मग एकेक बाहेर आलं. बी विंगच्या चौघांनी माझ्या वडिलांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. एका ब्लॉकमध्ये अकरा माणसं दोन रात्री झोपली होती. आमचं शेअर सर्टिफिकेट त्या वेळच्या सेक्रेटरींनी त्यांच्या गच्चीत दोरीवर वाळत घातलं होतं. त्यावरचा शिक्का आजही पसरलेला आहे.

आता जे सांगायला मी उभा आहे ते.

फेब्रुवारी 2009. गुरुवारी रात्री वडील गेले. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. किल्ली ज्यांच्याकडे होती ते शुक्रवारच्या सुट्टीसाठी सोहारला गेलेले, दोनशे किलोमीटरवर. फोन उचलेनात. शनिवारी सकाळी ऑफिस उघडेपर्यंत पासपोर्ट मिळणार नव्हता, म्हणजे मी शनिवारी रात्रीच्या आत पोचत नव्हतो. इथे समोरच्या काकांनी फोन सौ.च्या कानाला धरून ठेवला होता. ती काहीच बोलत नव्हती. मग काकांनीच विचारलं, “थांबायचं का रे?”

दोन दिवस बर्फावर ठेवायचं? मी म्हटलं, थांबू नका.

अग्नी माझ्या बायकोने दिला. त्यावर कुजबुज झाली असं मी नंतर ऐकलं. कोणी म्हणालं, पुतण्याला बोलवा, सुनेने कसं द्यायचं? तेव्हा बी विंगमधल्या आजी म्हणाल्या म्हणे, “सात वर्षं त्यांचं औषधपाणी कोणी केलं, पुतण्याने?” विषय तिथेच संपला. आजी आज नाहीत. त्यांना मी कधी नीट भेटून काही बोललो नाही. रजा तीस दिवसांची, त्यात बँक, दाखले, मुलीची शाळा... आणि खरं म्हणजे धीर झाला नाही. ‘थांबू नका’ हे बरोबर होतं, हे डोक्याला कळतं. तरी ती रात्र मी पुष्कळदा पुन्हा करून पाहतो.

इथे सोळा वर्षांत मी एकाच वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर होतो आणि त्यात पार्किंगवरून भांडलो. बाकीच्या सभांना सौ. सहयोगी सभासद म्हणून बसली. परत आल्यावर तीन वर्षं मी कमिटीत पाण्याचं काम पाहिलं, ते समाजसेवा वगैरे म्हणून नाही. माझी बाकी बरीच होती.

मुलगी गेल्या वर्षी नोकरीसाठी जर्मनीला गेली. तिकडे घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आता फोन घ्यायला मी इकडच्या टोकाला असतो. आता ती मला ‘तू’ म्हणते, हे राहिलंच सांगायचं. मागच्या रविवारी विचारत होती, “बाबा, तुझा गुडघा कसा आहे? पाणी येतंय ना वेळेवर?” मी म्हटलं, येतंय, सगळं ठीक आहे. पंप जळाला होता आणि समोरच्यांचा मुलगा माझ्यासाठी बादल्या वर आणत होता, हे तुम्हाला माहीतच आहे. तिला कोणी सांगू नका.

मला दहा मिनिटं दिली होती, ती झाली. खाली पानं मांडली आहेत असं सेक्रेटरी खुणावत आहेत.