गोठ्याची वही



समोर बसलेल्या तुम्हा विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांनी आज पहाटे शेण काढलं असेल, वैरण टाकली असेल, वासराला पाजलं असेल, डेअरीवर किटली पोचवली असेल आणि मगच आवरून इथं आला असाल. अभ्यास राहिला की तुम्ही मान खाली घालून सांगता, "घरी काम होतं." त्या कामाबद्दलच मला बोलायचंय. पशुवैद्यक म्हणून मी जे शिकले, त्यातलं बरंचसं गोठ्यांनी शिकवलं.

आपला इंदापूर-बारामतीचा पट्टा मुळात कमी पावसाचा. 1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, पुढे भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाय छोट्या शेतकऱ्याच्या दारात आणायचं मोठं काम केलं. उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष जातं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. तुमच्या वह्या आणि एसटीचा पास बहुतेक त्या पगारातून येतो.

आता ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की गोठ्यात काय पडतं? उसाचे वाढे. फुकटात मिळतात, गाय आवडीनं खाते. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गाईला तर दुधासाठी कॅल्शियम भरपूर लागतं. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत मका, लसूणघास द्यावा, खनिज मिश्रण रोज द्यावं. नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नये. नुकतीच व्यालेली गाय बसून राहिली, मान कुशीकडे वळवली, कान गार लागले, तर तो दुग्धज्वर असू शकतो. डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा. शिरेतून कॅल्शियम गेलं की आडवी पडलेली गाय बघता बघता उभी राहते. इतक्या वर्षांनंतरही ते पाहताना माझा ऊर भरून येतो. आणि गार कान बहुतेक वेळा आधी लागतो तो घरातल्या एखाद्या पोराच्या हाताला.

धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर उघडं असतं. तेवढ्यात गाय शेणात बसली तर कासदाहाला वाट मिळते. म्हणून धार झाली की लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाकायची, म्हणजे ती उभी राहते. तुमची आई हे कित्येक वर्षं करत आली असेल. का करते, ते तिला विचारा.

गोठ्याला लागून परसबाग असतेच. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर दोडका, घेवडा. ताजं शेण वाफ्यात टाकू नका, त्यात हुमणी वाढते. पुरतं कुजलेलं खतच घाला. घेवड्यावर मावा दिसला तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवा, सकाळी गाळून फवारा. बाजारातलं औषध आणायच्या आधी एवढं करून पाहा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. गोठ्यात राबते आई, आजी, वहिनी. पण पशुपालनाच्या शिबिराला जातात वडील आणि डेअरीच्या कार्डावर नावही त्यांचंच. मी गोठ्यात आले की पहिला प्रश्न विचारते, "माजावर कधी आली होती?" उत्तर स्वयंपाकघरातून येतं आणि बरोबर येतं. पण ते कुठं लिहिलेलं नसतं.

ते तुम्ही लिहा. एका साध्या वहीत गाईचं नाव, रेतनाची तारीख, रोजचं दूध, लाळ्या-खुरकताची लस कधी टोचली, खाणं कधी कमी झालं. रेतनापासून साधारण 280 दिवस मोजले की विण्याची तारीख तुम्हालाच काढता येईल. पहिल्या पानावर आईचं नाव घाला.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, पुढच्या स्नेहसंमेलनात रांगोळ्या आणि विज्ञानाच्या प्रतिकृतींशेजारी या वह्यांसाठी एक टेबल ठेवा. त्या तपासायला मी स्वतः येईन आणि ज्यांच्या नावाच्या वह्या असतील, त्या आयांनाही बोलवा.