एकाची आपबीती, सर्वांचा इतिहास

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. महाराष्ट्रापासून दूर, माळव्याच्या हिंदी मुलखात मराठी माध्यमाची शाळा ६० वर्षे चालणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या ६० वर्षांचा हिशेब निकालपत्रकांत, इतिवृत्तांत आणि जनरल रजिस्टरांत सापडेल. रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण यांची नोंद असते. ते मूल शाळेत येताना काय घेऊन आले आणि जाताना काय घेऊन गेले, याची नसते. ती नोंद माणसाने स्वतःच करावी लागते. अशा आपबीतीमुळे साहित्य, इतिहास आणि समाज यांविषयीची आपली समज कशी घडते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिले उदाहरण याच वाटेवरचे आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे चांगली दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. एवढ्याच आशेने निघालेला हा भिक्षुक महूच्या आसपास पोहोचतो तो शिपायांच्या उठावाची बातमी कानी येते. पुढे मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली, तेव्हा गोडसे भटजी शहरातच अडकले होते.

शालेय पुस्तकात झाशीचा पाडाव दोन ओळींत आटोपतो. ‘माझा प्रवास’मध्ये मात्र जीव मुठीत धरून लपलेली माणसे आहेत, घरोघरची लूट आहे, राजवाड्यातील ग्रंथांची नासधूस आहे. काल्पीच्या वाटेवर भेटलेली तहानलेली राणी, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून विहिरीचे पाणी स्वतः ओढून घेते. सेनापतीच्या अहवालाला या प्रसंगाचे प्रयोजन नव्हते. पण तो वाचल्यावर पुतळ्यातील घोड्यावरची राणी आपल्यासाठी हाडामांसाची होते, आणि त्या काळच्या रीतिभातींचा पगडा केवढा होता, हेही त्याच ओघात कळते.

अर्थात, डोळ्यांनी पाहिले म्हणून सारे जसेच्या तसे उतरते, असे नाही. भटजींनी हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, सुमारे पंचवीस वर्षांनंतर लिहिला. एवढ्या अवधीत तारखा सरकतात, ऐकलेले आणि पाहिलेले एकमेकांत मिसळते. वैद्यांनी १९०७ साली तो छापला तेव्हा त्यावर संपादकाचा हातही फिरलेला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे तब्बल ५९ वर्षे वाचकांसमोर होते ते संस्कार केलेले पुस्तक. म्हणूनच आपबीती कागदपत्रांशी ताडून पाहावी. पण कागदपत्रे आहेत म्हणून ती बाजूला सारू नये. काय घडले ते पुष्कळदा दफ्तरात मिळते. ते कसे सोसले, हे सांगायला सोसणाराच लागतो.

दुसरे उदाहरण घराच्या उंबरठ्याआतले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वाङ्मयाच्या इतिहासात ही एका ओळीची नोंद आहे. त्या ओळीमागे लक्ष्मीबाई टिळकांची काही वर्षांची ताटातूट होती, नातलगांचा धाक होता, मुलाची काळजी होती आणि मनातले सोवळे-ओवळे सुटण्याची दीर्घ प्रक्रिया होती. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मुळे हे मराठी वाचकाला कळले. फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी स्वतःची फजिती स्वतःच हसत सांगितली. माजघरातली बोली साहित्याच्या पंक्तीला बसू शकते, ही खात्री या पुस्तकाने दिली. मराठी गद्याविषयीची आपली समज येथे रुंदावली.

तिसरे उदाहरण समाजाचे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग. शिकून पुढे आलेल्याला मागचे आयुष्य झाकावेसे वाटते आणि ते झाकले जातही नाही, ही वेदना त्या रचनेतच आहे. अस्पृश्यतेची व्याख्या पाठ केलेल्या पिढीला ती प्रत्यक्ष जगणे म्हणजे काय, हे अशा आत्मकथनांनी दाखवले. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपले लेखन किराणा दुकान सांभाळत केले आणि घरच्यांपासून ते कित्येक वर्षे लपवून ठेवले. पुस्तकाला नाव दिले ‘जिणं आमुचं’. त्या ‘आमुचं’मध्ये संपूर्ण वस्ती आहे. एकीने सांगितले आणि अनेकींच्या जगण्याची नोंद झाली.

मंडळी, या कथनांत शाळाही येते, ती दोन रूपांत. कोठे ती नवे जग उघडते, तर कोठे वर्गाबाहेर बसवते. स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना हे ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. अशा ग्रंथांत कृतज्ञता असावीच; पण केवळ कृतज्ञता असेल तर पुढच्या वाचकाच्या हाती आशीर्वाद लागतील, इतिहास लागणार नाही. स्नेहसंमेलनात पहिला आलेल्याने लिहावे, तसेच नववीत शाळा सुटलेल्यानेही लिहावे. वर्ग झाडून घंटा देणाऱ्या सेवकांनी पाहिलेली शाळा कशी होती? घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या मुलीला आपली बोली ‘अशुद्ध’ म्हणून कोणी हसले होते का? होळकर, शिंदे, पवार यांच्या संस्थानांतील चाकरीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे आणि नंतर रेल्वेच्या वा गिरणीच्या नोकरीसाठी आलेली कुटुंबे एकाच बाकावर बसली, तेव्हा त्यांच्यात काय घडले? लिहिताना शक्य तेथे वर्ष, इयत्ता आणि ठिकाण नोंदवावे. ऐकीव असेल तर तसे म्हणावे. उद्याचा अभ्यासक ते ताडून पाहील.

याची निकड आजची आहे. मुलाला मराठी शाळेत घालावे की नको, हा प्रश्न येथे बसलेल्या कित्येक पालकांना रात्री झोपू देत नाही. त्याचे उत्तर भाषाभिमानाच्या घोषणा देऊ शकत नाहीत आणि शेजाऱ्याच्या मुलाची टक्केवारीही देऊ शकत नाही. येथे शिकून डॉक्टर, दुकानदार, कारकून, गृहिणी झालेली माणसे ते देऊ शकतात. मराठीत शिकल्याने आपले काय साधले आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी इंग्रजीपुढे आपली कशी त्रेधा उडाली, ही दोन्ही पारडी त्यांनी मोकळेपणाने समोर ठेवली, तर पालक डोळसपणे निर्णय घेतील आणि शाळेलाही आपल्या अध्यापनात काय बदलायचे ते उमगेल. पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी कागदावर उतरवण्याचे काम पुढच्या महोत्सवापर्यंत लांबवता येणार नाही.

गोडसे भटजींना आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नसावे. त्यांनी पाहिले ते सांगितले, आणि कोणीतरी ‘लिहा’ म्हणून त्यांच्या मागे लागले. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी लिहावे, काहींनी लिहा म्हणून मागे लागावे आणि शाळेने ते सारे जपून ठेवावे, एवढे मागणे मांडतो आणि शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.