काळा म्हणजे काय?
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण एकच शब्द घेऊन बसू. शब्द सोपा आहे. दोन अक्षरांचा. का आणि ळा. काळा. तुम्हां सर्वांना तो वाचता येतो आणि लिहिताही येतो. आता मी विचारतो, काळा म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे काय विचारणं झालं! काळा म्हणजे रंग. कोळशाचा, काजळाचा, तव्याच्या बुडाचा.

बरोबर आहे. पण मग काळी आई म्हणतो ती कोण? काळा बाजार कुठल्या वारी भरतो? काळा पैसा हातात घेतला तर बोटांना रंग लागतो का? नाही ना? म्हणजे शब्द एक आहे, पण तो जाईल तिथे वेगळा अर्थ घेतो. माणूस जसा सोबतीवरून ओळखावा, तसा शब्द शेजारच्या शब्दावरून ओळखावा. नवे वाचायला शिकलेल्या माणसाने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एकटा शब्द वाचून थांबू नये. पुढचा-मागचा शब्द वाचावा, मग अर्थ लावावा.

आधी रंगाचेच बघू. केस काळेभोर असतात. अमावास्येची रात्र काळीकुट्ट असते. डोहाचे पाणी काळेशार असते. उन्हात राबून माणूस काळाठिक्कर पडतो. रंग एकच, पण शेपूट बदलले की मन बदलते. काळेभोर म्हटले की त्यात कौतुक येते. काळेकुट्ट म्हटले की भीती येते. काळाठिक्कर म्हटले की हिणवल्यासारखे वाटते. आणि देवाविषयी बोलताना आपण हळूच सावळा म्हणतो. त्यात माया येते.

इथे वाचताना एक खड्डा आहे, तो चुकवा. काळ आणि काळा हे दोन वेगळे शब्द आहेत. काळ म्हणजे वेळ. संध्याकाळ, दुष्काळ यांतला काळ हा वेळेचा आहे. काळ म्हणजे मृत्यूसुद्धा. 'काळाने घाला घातला' असे वर्तमानपत्रात वाचाल, तिथे रंगाचा काही संबंध नाही. ओळखायची खूण सांगतो. काळ असेल तर काळाचा, काळाने असे होते. काळा असेल तर काळ्याचा, काळ्याने असे होते. 'काळ्या बैलाने शेत खाल्ले' म्हणजे रंगाने काळा असलेल्या बैलाने. 'काळाने बैल नेला' म्हणजे बैल मेला. एका जोडाक्षराने केवढा फरक पडला बघा!

आता आपल्या शिवारात चला. आपले जुने लोक गावाचे दोन भाग मानत. एक पांढरी आणि एक काळी. जिथे घरे उभी, माणसे राहतात, ती पांढरी. जिथे पीक येते, ती काळी. घरांच्या भिंतींना जी माती वापरत ती पांढुरकी, म्हणून वस्तीची जागा पांढरी. पांढरीत राहायचे आणि काळीत राबायचे, असे हे जगणे. काळी पिकली तरच पांढरीत चूल पेटते. म्हणून काळी ही आई झाली. इथे काळा शब्दाचा अर्थ रंगापुरता राहिला नाही. त्याचा अर्थ झाला अन्न देणारी.

ही माती आली कुठून? आपल्या सह्याद्रीचा आणि देशावरचा खडक काळा आहे. फार प्राचीन काळी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. त्याचा हा खडक झाला. त्याला इंग्रजीत बेसॉल्ट म्हणतात. ऊन, वारा, पाऊस यांनी तो हजारो वर्षे झिजला आणि त्याची माती झाली. या मातीत चिकण फार. पाणी मिळाले की ती फुगते, चिकटते, पायाला गोळे लागतात. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. म्हणजे खालची-वरची माती थोडी आपोआपच कालवली जाते. पावसाचे पाणी ती पुष्कळ दिवस धरून ठेवते. म्हणून पाऊस गेल्यावरही रब्बीची ज्वारी ओलीवर येते. कापूसही तिथे चांगला होतो. पण एक ध्यानात घ्या. हीच काळी, पाण्याचा निचरा न करता उसाला पाणी पाजत राहिलात, तर खारावते आणि वर पांढरा थर येतो. काळीवर पांढरे चढले की शेतकऱ्याने सावध व्हावे.

ज्या खडकाची माती झाली, त्याच काळ्या खडकात आपल्या लोकांनी लेणी खोदली. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले. एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणले. ज्या राष्ट्रकूट राजाच्या काळातले ते मानतात, त्याचे नाव होते कृष्ण. कृष्ण या शब्दाचा अर्थही काळाच! असा हा दगड टिकाऊ. म्हणून पक्की, न बदलणारी गोष्ट असली की आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ. इथे काळा म्हणजे भरवशाचा.

घरातही हा शब्द चांगल्या सोबतीत आहे. बाळाला तीट लावतो ती काळी. मंगळसूत्रातले मणी काळे. मसाला भाजून काळा केला की कालवणाला चव येते. उन्हाळ्यात करवंदे विकायला येणारी बाई 'डोंगरची काळी मैना' म्हणून हाळी देते. इतर सणांना काळे नेसू नये म्हणतात, पण संक्रांतीला मुद्दाम काळी चंद्रकळा नेसतात. दिवस थंडीचे असतात, आणि काळा रंग ऊन शोषून घेतो, ऊब धरतो. सूर्यचुलीची पेटी आतून काळी रंगवतात ती याच कारणाने.

आता शब्दाची दुसरी बाजू बघू. इंग्रजांच्या राज्यात मोठी शिक्षा झाली की माणसाला अंदमान बेटावर धाडत. त्याला म्हणत काळे पाणी. तिथला मोठा तुरुंग १९०६ साली बांधून पुरा झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांना १९११ साली तिथे नेले. आता तिथला समुद्र काही काळा नाही. चांगला निळा आहे. पण गेलेला माणूस परत येईल याचा भरवसा नसे. म्हणून ते पाणी काळे. इथे काळा म्हणजे परतीची आशा नसलेला.

काळा बाजार हा शब्द दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, घरोघरी पोहोचला. धान्य, कापड, रॉकेल यांची टंचाई झाली. सरकारने भाव ठरवून दिले आणि रेशन सुरू केले. तेव्हा काही व्यापारी माल दडवून चोरून चढ्या भावाने विकू लागले. तो काळा बाजार. इंग्रजीत तसा शब्द होता, आपण तो मराठीत आणला. इथे काळा म्हणजे चोरटा, उजेडात न होणारा.

काळा पैसा हा त्याचाच भाऊ. जो पैसा वहीत लिहिला नाही, ज्यावर कर भरला नाही, तो काळा. नोट तीच असते, पण हिशेब नसतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी सरकारने पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद केल्या, तेव्हा जी कारणे सांगितली त्यांत काळा पैसा हे एक मोठे कारण होते. रांगेत तुम्ही-आम्हीही उभे होतो.

तुम्ही म्हणाल, काळा पैसा मोठ्या लोकांकडे असतो, आपल्याला त्याचे काय? तसे नाही. जमिनीचा व्यवहार होतो तेव्हा तो आपल्या ओसरीवर येतो. घेणारा म्हणतो, 'अण्णा, दहा लाख ठरले ना? मग कागदावर चार लिहू, सहा हातात देतो.' अण्णांना वाटते, आपल्याला काय, पैसे मिळाल्याशी कारण. पण उद्या भांडण झाले तर कोर्ट कागद बघते. कागदावर चार लाख आहेत. तोंडी सहा लाखांचा साक्षीदार कोण? आणखी एक गोष्ट. सरकार रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन घेते, तेव्हा २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे भाव ठरवताना आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांतले भावही पाहतात. तुम्ही खतात भाव कमी लिहिलात, तर शेजारच्या दहा जणांच्या भरपाईवर त्याचा परिणाम होऊ शकतो. एकाचे काळे सगळ्या शिवाराला लागते ते असे.

आता सर्वांत नाजूक ठिकाणी येतो. हा शब्द माणसाला लावतात तेव्हा काय होते?

आपला विठोबा काळ्या पाषाणाचा. नाशिकचा राम काळ्या दगडाचा, म्हणून त्या देवळाचे नावच काळाराम. आपण मुलांची नावे कृष्णा, शामराव, श्यामला ठेवतो. त्या सगळ्यांचा अर्थ काळाच. आपली मोठी नदी कृष्णा, तिचाही अर्थ काळी. मांढरदेवीची काळूबाई, तिला नवस बोलतो. देव काळा चालतो, नदी काळी चालते, माती काळी लागते, म्हैस तर काळीभोर बघून घेतो. मग सून मात्र काळी नको, हे कुठले शहाणपण?

मुलगी बघायला पाहुणे येतात. पोहे खातात, चहा पितात. गावाच्या वेशीबाहेर गेल्यावर एकमेकांना म्हणतात, 'बाकी सगळं ठीक आहे हो, पण पोरगी काळी आहे.' नाहीतर आतल्या खोलीत रंगाचा भाव करतात, आणखी दोन तोळे मागतात. हुंडा घेणे आणि देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण 'काळी' हा एक शब्द त्या मुलीच्या मनावर जो घाव घालतो, त्याला कायद्याची कलमे पुरत नाहीत. मग ती पोर गुपचूप बाजारातले गोरे करणारे मलम आणते. अशा काही मलमांत पारा असतो, तो मूत्रपिंडाला घातक असतो. एका मोठ्या कंपनीने २०२० साली आपल्या मलमाच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. कंपनीला कळले, आपल्याला कधी कळायचे?

कातडीत मेलॅनिन नावाचे एक द्रव्य असते. ते जास्त असले की माणूस काळा दिसतो, कमी असले की गोरा. तेच द्रव्य कडक उन्हापासून कातडीला जपते. उन्हाच्या देशात निसर्गाने दिलेली ही छत्री आहे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि रंगच काय, जन्मावरूनही माणसाला आपण काळे ठरवले. त्याच काळाराम मंदिरात दलितांना पाऊल ठेवू देत नसत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तिथे सत्याग्रहाला जमली. दारे बंद केली गेली. हा लढा वर्षानुवर्षे चालला. आत देव काळा आणि त्याचे दर्शन घ्यायला हक्क मागणारी माणसे बाहेर! आता सांगा, काळे काय होते? दगड, की दार लावणाऱ्यांचे मन? मराठीत आपण म्हणतो, मनात काळेबेरे असणे. खरा काळेपणा तो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. शब्द वाईट नसतो. आपण त्याला कुणाच्या शेजारी बसवतो, त्यावर सगळे आहे. आईच्या शेजारी बसवला तर काळी आई. बाजाराच्या शेजारी बसवला तर चोरी. दगडाच्या शेजारी बसवला तर भरवसा. पोरीच्या नावाशेजारी टोमणा म्हणून बसवला, तर पाप. शब्द बसवणारे आपण आहोत. तेव्हा बसवताना विचार करा.

शेवटी एक जुना वाक्प्रचार देतो. तो आता तुमचा झाला आहे. पांढऱ्यावर काळे करणे. म्हणजे लिहिणे. पांढरा कागद, काळी शाई. आजवर दुसऱ्याने पांढऱ्यावर काळे करायचे आणि तुम्ही खाली शाईचा अंगठा उमटवायचा, असे चालले. त्यात किती जणांच्या काळ्या आईची मालकी गेली, ते गावोगाव माहीत आहे. इथून पुढे कुणी कागद पुढे केला तर आधी तो सगळा वाचा. रक्कम अंकात आणि अक्षरात जुळते का ते बघा. गट नंबर, क्षेत्र, तारीख बघा. कोऱ्या जागा राहिल्या असतील तर त्या आधी भरायला लावा. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर सख्खा भाऊ का असेना. आणि वाचून समजले नाही, तर 'समजले नाही' असे मोठ्याने म्हणा. त्यात कमीपणा नाही.

उद्याला येताना घरचा अभ्यास करून आणा. काळा शब्द असलेली पाच वाक्ये लिहा. त्यातले एक वाक्य आपल्या लेकीविषयी किंवा सुनेविषयी लिहा, आणि ते असे लिहा की तिला वाचून दाखवता येईल.